शिंगणापूरचं कुलूप

जानेवारी 2011मध्ये यूको बँकेने शनिशिंगणापुरात शाखा उघडली आणि देशभरच्या वर्तमानपत्रांना बातमी मिळाली: कुलूप नसलेली बँक. बातमी खोटी नव्हती, अर्धी होती. शाखेला काचेचं दार होतं, धूळ आणि कुत्री आत येऊ नयेत म्हणून. त्या दाराला रिमोटवर चालणारी, सहजासहजी नजरेत न भरणारी विद्युतचुंबकीय कडी होती. गावाच्या श्रद्धेचा मान राहिला आणि बँकेच्या वरिष्ठांनाही रात्री झोप लागली. मला या कडीचं कौतुक वाटतं. दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर आपला विश्वास बहुधा असाच असतो, तोंडाने पूर्ण आणि खिशात रिमोट.

गाव नेवासे तालुक्यातलं. अहिल्यानगरहून, म्हणजे कालपरवापर्यंतच्या नगरहून, छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागलं की घोडेगावला फाटा फुटतो. शनीची साडेपाच फूट उंचीची काळी शिळा उघड्या चौथऱ्यावर ऊन-पाऊस झेलत उभी आहे, वर ना छप्पर ना कळस. देवाला दार नाही, म्हणून भक्तांच्या घरांनाही नाही. जुन्या घरांना चौकट असते, पण दाराची फळी नसते. आडोशाला पडदा. रात्री कुत्रं-मांजर शिरू नये म्हणून कुणी एखादी फळी नुसती टेकवून ठेवतं. चौकातल्या सार्वजनिक स्वच्छतागृहालाही पडदाच. सप्टेंबर 2015मध्ये गावात पोलीस ठाणं आलं, तर त्यालाही पुढचं दार बसवलं नव्हतं. गावाची समजूत अशी की इथे जो चोरी करील त्याच्यामागे साडेसाती लागेल, त्याचे डोळे जातील, डोकं फिरेल.

चोरी कधी झालीच नाही असं मात्र नाही. 2010मध्ये बाहेरून आलेल्या एका भाविकाने गाडीतून 35,000 रुपयांचा ऐवज गेल्याची तक्रार केली, आणि 2011मध्ये 70,000 रुपयांचे दागिने गेल्याची तक्रार आली. आडबाजूचं, एकमेकांना ओळखणारं छोटं गाव असल्यामुळे चोऱ्या कमी, यात शनीचा काय संबंध, असं म्हणणारेही आहेत. तो वाद इथे मिटवायचा नाही. आपला प्रश्न वेगळा आणि त्याहून साधा आहे. उघड्या घरात फडताळावर पाकीट दिसतंय, घरात कुणी नाही, रस्त्यावर कुणी नाही, तरी हात पुढे होत नाही. तो हात कुठे थांबतो?

लोकप्रिय उत्तर असं की मेंदूत एक हावरा भाग असतो आणि एक शहाणा. हावरा भाग पाकिटाकडे धावतो, शहाणा त्याला लगाम घालतो. यात तथ्य आहे. काहीतरी लाभणार असं दिसलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या स्ट्रायटम नावाच्या भागात डोपामिन या रसायनाची हालचाल वाढते. डोपामिनला लोक सुखाचं रसायन म्हणतात, पण त्याचं काम सुख देण्यापेक्षा ओढ लावण्याचं आहे. दुसरीकडे कपाळामागचा मेंदू, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, हिशेब मांडतो: काय मिळेल, काय जाईल, लोक काय म्हणतील. हिशेब उलटा आला तर निघालेली कृती तो अडवतो. प्रयोगशाळेत हे अडवणं मोजताही येतं. पडद्यावर बाण दिसला की बटण दाबायचं. पण मध्येच ‘थांब’ अशी खूण झाली तर दाबायचं नाही. निरोगी प्रौढाला असं थांबायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. कपाळामागचा उजवा खालचा भाग आणि मेंदूत खोलवर असलेलं सबथॅलॅमिक केंद्रक मिळून हे काम करतात.

हा ब्रेक बिघडला की काय होतं, हे डॉक्टरांना पार्किन्सनच्या रुग्णांत दिसलं. डोपामिनसारखं काम करणारी काही औषधं घेणाऱ्या थोड्या रुग्णांना एकाएकी जुगाराचा नाद लागतो. जन्मभर काटकसर केलेला माणूस खरेदीवर पैसे उधळू लागतो. औषध कमी केलं की बऱ्याच जणांत हा नाद ओसरतो. माणूस तोच आणि संस्कारही तेच, बदललं असतं फक्त एका रसायनाचं प्रमाण. गरज नसलेल्या वस्तू चोरल्यावाचून राहवत नाही अशा क्लेप्टोमेनियाच्या विकारातही 2009मध्ये अमेरिकेत 25 जणांवर 8 आठवडे चाचणी झाली. व्यसनमुक्तीसाठी वापरल्या जाणाऱ्या नाल्ट्रेक्झोन या औषधाने चोरीची ऊर्मी कमी झाली. ‘मनावर ताबा ठेव’ असं ज्यांना आयुष्यभर ऐकवलं गेलं, त्यांच्या बाजूने ही साक्ष फार महत्त्वाची आहे.

पण शिंगणापूरचं कोडं ब्रेकने सुटत नाही. त्या गावातला माणूस दिवसातून कितीदा तरी उघड्या दारांवरून जातो. प्रत्येक दारापाशी मोह व्हायचा आणि प्रत्येक दारापाशी तो आवरायचा, तर संध्याकाळपर्यंत त्याच्यात काय उरेल? इच्छाशक्ती वापरून वापरून संपते, असा एक सिद्धान्त 1998मध्ये रॉय बाउमाइस्टर यांनी मांडला होता आणि तो फार गाजला. 2016मध्ये वीसहून अधिक प्रयोगशाळांनी मिळून तो तपासला तेव्हा तसा परिणाम जवळपास दिसलाच नाही. म्हणजे ‘इच्छाशक्ती संपली’ ही सबब शास्त्राच्या नावावर खपवता येणार नाही. तरीही एवढं खरं की उठलेली भावना दाबून धरणं महाग पडतं. चेहरा कोरा ठेवून आतली खळबळ दडपणाऱ्या माणसांच्या नाडीची आणि घामाची मोजणी केली तर शरीर शांत झालेलं नसतं. त्या वेळी समोर काय घडलं हेही त्यांना नीट आठवत नाही.

मग भीती? गावकऱ्यांना विचारलं तर पहिलं उत्तर हेच येतं आणि मेंदूशास्त्र त्याला दुजोरा देतं. भीतीचं केंद्र म्हणून ओळखला जाणारा अमिग्डाला कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना असतो. चटका बसला की तो शिकतो, हे जुनं ज्ञान. पण 2001मध्ये न्यूयॉर्कच्या एलिझाबेथ फेल्प्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळा प्रयोग केला. त्यांनी लोकांना सांगितलं की ठरावीक रंगाचा चौकोन दिसला की विजेचा झटका बसू शकतो. झटका कुणालाही, एकदाही दिला नाही. तरी तो चौकोन दिसताच डावा अमिग्डाला जागा झाला, हाताला घाम आला. कानावर पडलेली गोष्ट अंगावर बेतल्यासारखी मेंदूत नोंदली गेली. साडेसातीचं सगळं सामर्थ्य इथे आहे. शिंगणापुरात चोरी करून आंधळा झालेला माणूस कुणी पाहिलेला असण्याची गरजच नाही, आजीने सांगितलेलं पुरतं.

वरून कुणीतरी बघतंय या भावनेवरही अभ्यास झाले आहेत. 2016मध्ये जगातल्या आठ वेगवेगळ्या समाजांतल्या 591 लोकांवर एक प्रयोग झाला. देव सगळं जाणतो आणि शिक्षा करतो असं जे जास्त मानत, ते दूरच्या, अनोळखी पण आपल्याच धर्माच्या माणसाशी व्यवहार करतानाही जास्त सचोटीने वागले. शनी तर न्यायाधीशच मानला जातो. लाच चालत नाही, वशिला चालत नाही.

भीतीचा तोटा असा की तिला दिशा नसते. ज्या भीतीने हात चोरीपासून मागे येतो, त्याच भीतीने तो पाकिटाकडेही जातो. घोडेगाव फाट्यावरून वळणाऱ्या कुणालाही ‘लटकू’ माहीत असतात. गाडी जरा हळू झाली की दुचाकीवरचा एखादा पोरगा काचेशी येतो, हातवारे करत गाडी एका दुकानापुढे घ्यायला लावतो. पार्किंग फुकट, चपला ठेवायची सोय फुकट. मग हातात ताट येतं: तेलाची बाटली, रुईच्या पानांची माळ, काळा कपडा, उडीद, एखादी लोखंडी नाल. किंमत शेवटी कळते, आणि ऐकून भुवया उंचावल्या तरी ताट परत करण्याचं धैर्य थोड्यांनाच होतं. शनीच्या दारात घासाघीस? एरवी भाजीवालीशी पाच रुपयांवरून हुज्जत घालणारा माणूस इथे मुकाट्याने नोटा मोजतो. धास्तावलेला मेंदू हिशेबाला बसत नाही. जवळचा धोका टळावा एवढंच त्याला हवं असतं. लटकूंना मेंदूशास्त्र कुणी शिकवलेलं नाही, पण धंद्यापुरतं त्यांना ते चांगलं येतं.

शिवाय भीती विटते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 2016मध्ये लोकांना पुन्हा पुन्हा खोटं बोलण्याची संधी दिली. पहिल्या खोट्याला अमिग्डाला खडबडून जागा झाला. पुढच्या प्रत्येक खोट्यागणिक त्याची प्रतिक्रिया मंदावत गेली आणि खोटं मोठं होत गेलं. निव्वळ धाकावर उभी असलेली सचोटी एकदा मोडली आणि काही झालं नाही, की तिथून पुढे उतारच असतो.

खरं उत्तर मला हार्वर्डच्या एका प्रयोगात सापडतं. जोशुआ ग्रीन आणि जोसेफ पॅक्स्टन यांनी 2009मध्ये लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून नाणेफेकीचा अंदाज बांधायला लावला. अंदाज बरोबर आला तर पैसे. सांगितलं असं की भविष्य ओळखण्याच्या अतींद्रिय शक्तीचा हा अभ्यास आहे. कधी अंदाज आधी नोंदवायचा असे, कधी मनातल्या मनात ठेवून नंतर ‘बरोबर होता’ एवढंच सांगायचं असे. लबाडीला दार सताड उघडं होतं. काहींनी लबाडी केली, काहींनी केली नाही. संशोधकांना पाहायचं होतं की न करणाऱ्यांच्या कपाळामागच्या मेंदूत काय चालतं. तिथे जोराची झटापट दिसायला हवी होती. दिसलं जवळजवळ काहीच नाही. प्रामाणिक लोक मोह आवरत नव्हते, कारण त्यांना मोह होतच नव्हता. लबाडी करणाऱ्यांच्या मेंदूत मात्र, लबाडी करताना आणि ती टाळतानाही, कपाळामागचा भाग राबत होता. पुढे 2020मध्ये रॉटरडॅमच्या संशोधकांना याची दुसरी बाजू मिळाली. लबाडाला सचोटीने वागायला मेंदूवर जोर द्यावा लागतो, आणि सरळ माणसाला लबाडी करायची झाली तर तोच जोर उलट्या दिशेने लावावा लागतो.

म्हणजे शिंगणापूरचा माणूस उघड्या दारावरून जाताना मन मारत नाही. त्याला ते दार ‘उघडं’ दिसतच नाही. ते नुसतं शेजाऱ्याचं घर असतं. आणि यात शिंगणापूर जगावेगळं नाही. 2019मध्ये 40 देशांतल्या 355 शहरांत सतरा हजारांहून जास्त ‘हरवलेली’ पाकिटं संशोधकांनी मुद्दाम निरनिराळ्या कचेऱ्यांत नेऊन दिली. बहुतेक सगळ्या देशांत पैसे असलेलं पाकीट रिकाम्यापेक्षा जास्त वेळा मालकाकडे परतलं. सामान्य लोकांचा अंदाज याच्या नेमका उलट होता.

मोह उठण्याच्या आधीच्या या जागेकडे मानसशास्त्र बरंच उशिरा वळलं. स्टॅनफर्डच्या जेम्स ग्रॉस यांनी 1998मध्ये भावनांच्या नियमनाची एक साखळी मांडली. माणूस आधी प्रसंग निवडतो, मग तो बदलू पाहतो, मग लक्ष कुठे द्यायचं ते ठरवतो, मग समोरच्या गोष्टीचा अर्थ लावतो, आणि अगदी शेवटी उमटलेली प्रतिक्रिया दाबतो. साखळीत जितकं आधी वळावं तितकं स्वस्त. अर्थच वेगळा लावला तर अमिग्डालाची खळबळ खरोखर कमी होते, नुसती झाकली जात नाही. ग्रॉस यांची आकृती पाहताना मला याच तालुक्याच्या गावाची, नेवाशाची आठवण होते. 1290 साली तिथे ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली. तिच्या दुसऱ्या अध्यायात हीच उतरंड आहे: विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, त्यातून काम, त्यातून क्रोध, आणि पुढे स्मृती नि बुद्धीचा नाश. सुरुवात इच्छेपासून नाही, चिंतनापासून आहे. जुन्यांना सगळं ठाऊक होतं, असलं काही मला म्हणायचं नाही. त्यांच्याकडे स्कॅनर नव्हता आणि त्यांचा हेतूही निराळा होता. पण निरीक्षण म्हणून ते बिनचूक आहे.

हे ‘मोह न होणं’ येतं कुठून? जन्मजात नाही, एवढं सांगता येतं. आयोवा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 1999मध्ये दोन तरुण रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. एक मुलगी पंधरा महिन्यांची असताना वाहनाखाली आली होती; एका मुलाच्या कपाळामागच्या गाठीवर तो तीन महिन्यांचा असताना शस्त्रक्रिया झाली होती. दोघांच्याही प्रीफ्रंटल भागाला इजा होती. दोघंही शिकल्यासवरलेल्या, स्थिर घरांत वाढले, भावंडं व्यवस्थित निघाली. ही दोघं मात्र घरात चोऱ्या करत, सतत खोटं बोलत, आणि पकडले गेल्यावर त्यांना काही वाटत नसे. मुलगी तीन वर्षांची असतानाच आईवडिलांच्या लक्षात आलं होतं की रागावून किंवा शिक्षा करून हिच्यावर परिणाम होत नाही. मोठेपणी हाच भाग दुखावलेले रुग्णही बेताल वागतात, पण नियम विचारले तर बरोबर सांगतात. या दोघांना ते सांगताही येईनात. नियम आत जायचे दिवस होते, तेव्हा ते घेणारा भागच जागेवर नव्हता.

शिंगणापुरातल्या धडधाकट मुलाचं नेमकं उलटं होतं. त्याला चोरी करू नये असं कुणी फारसं शिकवत नसावं. त्याची गरजच पडत नाही. शेजारच्या घरात शिरताना कडी वाजवायची नसते, हाक मारायची असते, हे तो चालायला लागल्यापासून हजारदा करतो. ही शिकवण कपाळामागच्या भागाला मिळते, आणि हा भाग मेंदूत सगळ्यात शेवटी, विशीच्या मध्यापर्यंत, पिकत राहतो. म्हणून पौगंडावस्था अवघड जाते. 2005मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात दाखवलं की 13 ते 16 वर्षांची मुलं एकटी असताना बेताने खेळतात आणि मित्र बघत असले की धोका पत्करतात. चोविशीच्या पुढच्यांत हा फरक जवळपास उरत नाही.

सोबतीने पोराटोरांचंच भान सुटतं असं मात्र नाही. चोराला न भिणारं हे गाव नोव्हेंबर 2015मध्ये एका स्त्रीच्या पावलांनी हादरलं. स्त्रियांना मज्जाव असलेल्या शनीच्या चौथऱ्यावर ती चढली, मग दुधाने शुद्धीकरण झालं, देवस्थानचे कर्मचारी निलंबित झाले. नरेंद्र दाभोलकरांनी याच चौथऱ्यासाठी 2000च्या सुमारास आंदोलन केलं होतं. आता विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या, तृप्ती देसाई मोर्चा घेऊन निघाल्या. मार्चच्या अखेरीस न्यायालयाने सांगितलं की पुरुष जातात तिथे स्त्रियांना अडवता येणार नाही. देवस्थानने मग तोड काढली: चौथरा सगळ्यांनाच बंद. 8 एप्रिल 2016, गुढीपाडवा. प्रवरासंगमाच्या पाण्याने देवाला अंघोळ घालायची रीत. पुरुषांचा जमाव बंदी मोडून चौथऱ्यावर चढला आणि त्याच दिवशी देवस्थानला स्त्रियांनाही प्रवेश द्यावा लागला.

मेंदूच्या अंगाने पाहिलं तर हा प्रसंग चोरीच्या उलट आहे. पाकीट बघून हात न हलणारी माणसं पावित्र्याचा प्रश्न आला की उसळतात, कारण सवयीने निवलेला मोह आणि सवयीने पेटणारा राग एकाच शाळेत शिकलेले असतात. लहानपणापासून ज्याला ‘आपलं’ म्हणून पाहिलं ते दिसतच नाही, आणि ज्याला ‘बाटवणं’ म्हणून पाहिलं ते दिसल्याबरोबर अंगावर येतं. मात्र अर्थ बदलू शकतो. स्त्रिया चौथऱ्यावर गेल्या, आणि आभाळ कोसळलं नाही. न होणारा अनर्थ पुन्हा पुन्हा अनुभवणं हाच अमिग्डालाची भीती उतरवण्याचा जुना, खात्रीचा उपाय आहे.

राहिला प्रश्न दारांचा. अलीकडच्या वर्षांत काही कुटुंबांनी दारं आणि कुलपं बसवायची परवानगी ग्रामपंचायतीकडे मागितल्याच्या बातम्या आल्या. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. शनी अमावास्येला लाखोंची गर्दी होते, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळामागे शिंगणापूरचं बालपण नसतं. पण कुलपाचा परिणाम चोरापुरता राहत नाही. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावून पाहिला. उरी नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी यांनी 2000 साली त्याचा हिशेब मांडला. उशिरा येणारे पालक कमी झाले नाहीत, जवळपास दुप्पट झाले. आधी बाईंना ताटकळत ठेवण्याची लाज वाटायची, आता उशिराला दर ठरला होता. पुढे दंड काढून टाकला, तरी पालक वेळेवर येऊ लागले नाहीत. शिंगणापुरात पहिलं कुलूप लागेल त्या दिवशी शेजारच्या पडद्याचा अर्थ बदलायला सुरुवात होईल, आणि नंतर कुलूप काढलं तरी तो जुना अर्थ परत येईलच असं नाही.